पाठीची माती

मी लातूरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. म्हणून असेल कदाचित, काही सांगायचं झालं की मी आधी दोनदा विचार करते. वर्गात उत्तर येत असलं तरी माझा हात वर जात नाही. हे लिहितानाही तसंच होतंय. टीव्हीवरच्या कुस्तीच्या एका जुन्या कार्यक्रमाबद्दल लिहायचं आहे, आणि तो लिहिण्याजोगा विषय आहे का, हे मला अजून नीट कळलेलं नाही.

निमित्त झालं हॉस्टेलवरच्या एका रविवारचं. माझी रूममेट उदगीरची आहे. मेसमधून जेवून आल्यावर ती पलंगावर आडवी होऊन मोबाइल बघत होती आणि मधूनच खुदकन हसत होती. काय म्हणून विचारलं, तर तिनं मोबाइल माझ्यापुढं धरला. चारी बाजूंनी दोर बांधलेला चौथरा, भोवती गर्दी, आणि आत दोन धिप्पाड माणसं एकमेकांना उचलून आपटत होती.

“बघ बघ, हात लागला न लागला की कसा उडाला,” ती म्हणाली. “माझा भाऊ लहानपणी हे सगळं खरं समजायचा. त्याच्यापायी आमच्या घरचा पलंग मोडला.”

मी बघत राहिले. पडलेला माणूस जाडजूड होता. डोक्याच्या मधोमध टक्कल, अंगात हिरवी चड्डी.

“ह्याला मी ओळखते,” मी म्हणाले.

“तुमचा पाहुणा हाय का?”

ती हसली, मीही हसले. पण तो मला खरंच ओळखीचा होता. माझ्या लहानपणी दर रविवारी दुपारी तो आमच्या घरी यायचा, मार खायचा आणि जायचा. व्हिडिओच्या खाली वर्ष लिहिलं होतं. ते माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचं होतं. म्हणजे आम्ही श्वास रोखून ज्या कुस्त्या बघितल्या, त्यांचा निकाल मी जन्मायच्या आधीच लागलेला होता. आमच्या डिशवर लागायचे ते सगळे जुने भाग होते, आणि आम्हाला कुणालाच ते माहीत नव्हतं.

आमचं गाव उमरी तालुक्यात. वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो आणि सगळं गाव पहिलवान म्हणतं. मी कळती झाले तेव्हा त्यांच्या कुस्त्या थांबल्या होत्या, गुडघा धरत होता, पण कान तसेच चुरगळलेले आणि मान तशीच जाड होती. मातीतल्या कुस्तीत एकच गोष्ट बघतात. दोन्ही खांदे जमिनीला टेकले की पाठ लागली, चितपट झाली, संपलं. पुन्हा उठून लढणं नाही. अण्णांच्या काही कुस्त्या बरोबरीत सुटल्या होत्या, पण त्यांची पाठ कधी कुणी लावली नव्हती.

ह्या गोष्टीला आमच्या गावात किंमत होती. गावात पीरसाहेबांचा उरूस भरतो. संदलच्या, म्हणजे चंदनाच्या मिरवणुकीच्या, दुसऱ्या दिवशी दर्ग्यामागच्या आखाड्यात कुस्त्या होतात. पहिली जोड सुटायच्या आधी आखाड्यात नारळ फोडतात, आणि तो फोडायचा मान गावातल्या अशा माणसाचा, ज्याची पाठ कधी लागलेली नाही. दर्ग्याचे मुजावर चाचा नारळ दोन्ही हातांनी अण्णांना द्यायचे. अण्णा तो कपाळाला लावायचे आणि एका दणक्यात दोन भकलं करायचे. पाणी मातीत जिरायचं, हलगी सुरू व्हायची. अण्णांकडं शेत थोडं, शाळा चौथीपर्यंत. सोसायटीच्या मीटिंगला ते मागच्या रांगेत बसायचे. पण त्या नारळामुळं गावात कुठंही गेले तरी लोक त्यांना बसायला जागा द्यायचे. बाहेरच्या माणसाला हे फार छोटं वाटेल, ह्याची मला कल्पना आहे.

टीव्हीवरची कुस्ती बघायला रविवारी गिरणीवाला यायचा. तो अण्णांपेक्षा बराच लहान, मी त्याला दादा म्हणायचे. त्या कार्यक्रमातल्या पहिलवानांसारखे त्यानं खांद्यापर्यंत केस वाढवले होते, आणि दिवसभर पिठात राहून ते म्हाताऱ्यासारखे पांढरे दिसायचे. रविवारी दुपारी तो गिरणी बंद ठेवायचा. आई म्हणायची, “हे दोघं टीव्ही बघतेत तवर गावानं भाकरी खाऊ नये.”

पहिल्यांदा तो कार्यक्रम बघताना अण्णा चिडलेच होते. एकजण सपशेल उताणा पडला, आणि थोड्या वेळानं उठून पुन्हा लढायला लागला.

“पाठ लागली की रं त्याची,” अण्णा म्हणाले. “मग हे कामून उठून राहिलं?”

“पहिलवान, इथं तसं नसतंय,” गिरणीवाल्यानं समजावलं. “पंच तीन म्हणेपर्यंत खांदा उचलला की चालतंय.”

“तीन म्हणेपर्यंत?”

“हाव.”

अण्णांनी बोटांवर एक, दोन, तीन मोजून बघितलं. मग म्हणाले, “लई मायेचा नियम हाय.”

त्यानंतर ते त्या कार्यक्रमात बुडाले. सोन्याचा मुखवटा घालणारा एक होता, लांब कोट घालून येणारा एक होता, गिरणीवाल्याला तो कोटवाला आवडायचा. अण्णांना मात्र आवडायचा हा हिरव्या चड्डीवाला. तो कधीच जिंकायचा नाही. नवा कुणी ताकदवान गडी दाखवायचा असला की त्याच्यापुढं ह्याला उभं करायचे. अण्णा मला म्हणायचे, “जिंकणाऱ्याकडं सगळेच बघतेत. तू पडणाऱ्याकडं बघ. मान कशी वाचवतो, हात कसा आधी टेकवतो. ह्याला कुण्या तरी चांगल्या वस्तादानं शिकवलंय.”

हे सगळं ठरवून असतं, हे अण्णांना माहीत होतं का, असं रूममेटनं मला विचारलं. मला वाटतं, माहीत होतं आणि नव्हतंही. मी एकदा विचारलं होतं. शाळेत कुणीतरी सांगितलं म्हणून. ते म्हणाले, “आसंल ठरवून. पर आपटलं की लागतच आसंल ना.” आणि पुन्हा टीव्हीकडं बघायला लागले.

एका गोष्टीचं मात्र त्यांना वेड होतं. पहिलवानाचं बाहेर येणं. दिवे विझायचे, गाणं वाजायचं, धूर निघायचा आणि पडद्यामागून अंगावर झूल घेतलेला माणूस सावकाश चालत यायचा. अण्णा तेव्हा तुरीच्या शेंगा सोलणंही थांबवायचे. म्हणायचे, “आमाला काय होतं. मागून लोकाचे धक्के आन पुढं हलगी. आखाड्यात गेलो का न्हाई ते बी कळायचं न्हाई.”

म्हणून मग पुढं जे झालं, त्यात मला कुणाची चूक दिसत नाही.

उरुसातल्या कुस्त्यांना गर्दी कमी व्हायला लागली होती. बाहेरगावचे नावाजलेले गडी येईनासे झाले होते. उरूस कमिटीतल्या तरण्या पोरांनी एक कल्पना काढली. सगळ्या खऱ्या कुस्त्या झाल्या की शेवटी एक टीव्हीसारखी कुस्ती लावायची. दोर बांधायचे, गाणं लावायचं. त्यांना एक चांगला आणि एक वाईट असे दोन गडी पाहिजे होते. वाईट म्हणून गिरणीवाला तयारच होता. ती पोरं अण्णांकडं आली, तेव्हा मी अंगणात होते. त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत अण्णा म्हणाले, “झूल कुठून आणायची?”

आई चिडली. “गुडघा धरून चालता अन् नाचायला जाता.” पण दुसऱ्या दिवशी तिनंच जांभळ्या सोलापुरी चादरीला गळ्याशी नाडी लावून दिली.

तालीम आमच्या खळ्यावर झाली, सोयाबीनच्या भुसकटाच्या ढिगावर. गोष्ट अण्णांनीच ठरवली. “आधी मी मार खाणार. चांगला माणूस आधी पडला न्हाई तर मजा न्हाई.” गिरणीवाल्यानं त्यांना उचलून पाडायचं. पंचानं एक, दोन म्हणायचं, आणि तीन म्हणायच्या आत अण्णांनी खांदा उचलायचा. मग लोक ओरडतील, मग अण्णांनी गिरणीवाल्याला पाडायचं. पंच म्हणून पोस्टमनला धरलं होतं, कारण गावात टीव्हीतल्या पंचासारखा पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट फक्त त्याच्याकडं होता. भुसकटावर अण्णा कितीतरी वेळा उताणे पडले. दर वेळी दोनला खांदा उचलायचे आणि लहान पोरासारखे हसायचे. भुसकटावर पडणं म्हणजे काही पाठ लागणं नव्हतं. तेव्हा तो विचार कुणाच्याच मनात आला नाही, अण्णांच्याही नाही.

उरुसाच्या दिवशी सकाळी अण्णांनी नेहमीसारखा नारळ फोडला. खऱ्या कुस्त्या झाल्या. ऊन उतरल्यावर पोरांनी आखाड्यातच तुषारसिंचनाचे पाइप रोवले, त्यांना नायलॉनचे दोर बांधले, मातीवर ताडपत्री टाकली आणि वर मंडपवाल्याच्या गाद्या. दुसरीकडं कुठं लोकांना बसायला जागा नव्हती, म्हणून आखाड्यात. ट्रॅक्टरवर भोंगा होता. गाणं लागलं आणि गिरणीवाला काळे कपडे घालून आला. त्यानं मुद्दाम डोक्यात पसाभर पीठ टाकलं होतं. मान हलवली की पिठाचा ढग उठायचा. बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या.

मग अण्णा आले. मंडपाच्या कनातीमागून, जांभळी चादर पांघरून, अगदी सावकाश. गुडघ्यामुळं ते थोडे लंगडत होते, पण तेही मुद्दाम केल्यासारखं दिसत होतं. शिट्ट्या वाजल्या. मी आईच्या शेजारी उभी होते. आईनं डोक्यावरचा पदर सारखा केला, फोटो काढताना करते तसा. अण्णांचा तो चेहरा मी विसरणार नाही.

सुरुवातीलाच घोळ झाला. ताडपत्रीवरच्या गाद्या सरकायला लागल्या. गिरणीवाला धावून आला तो गादीसकट घसरत दोराखालून बाहेर गेला. लोक पोट धरून हसले. तिथं पुढं बसलेले जुने वस्ताद वैतागले. “काढा ते सगळं. आखाडा हाय का मंगल कार्यालय?” पोरांनी गाद्या ओढून बाहेर काढल्या, ताडपत्रीही काढली. आता दोघं अनवाणी, खाली नुसती माती. तीच माती, सकाळी नारळ फोडलेली, हळद आणि ताक घातलेली.

खेळ पुन्हा सुरू झाला. पोरांनी टीव्हीचं गाणं लावलं होतं, पण आमच्या गावचे हलगीवाले मामाही दोराजवळ उभे राहून हलगी वाजवतच होते. अण्णांची एकही कुस्ती त्यांच्या हलगीशिवाय झाली नव्हती, मग हीच कशी होईल. गिरणीवाल्यानं ठरल्याप्रमाणं अण्णांना खांद्यावर घेतलं, एक गिरकी घेतली आणि खाली टाकलं. अण्णा छान पडले. मान वाचवली, हात आधी टेकवला. आणि दोन्ही खांदे मातीला लागले.

पोस्टमन गुडघ्यावर बसला आणि म्हणाला, “एक.”

ते मी ऐकलं, कारण मी पुढं होते. बाकी कुणी ऐकलं नसावं. कारण त्याच क्षणाला हलगीचा ताल बदलला. पाठ लागली की हलगी एकदम चढते आणि कडाडून थांबते, सगळ्या रानाला कळतं की कुस्ती झाली. मामांचे हात सवयीनं तिकडं गेले. आणि तो ताल ऐकल्यावर लोकही सवयीनं उठले. दोर ओलांडून आत शिरले, गिरणीवाल्याला खांद्यावर घेतलं, कुणी तरी डोक्यावर फेटा बांधला, त्यातून पीठ सांडत होतं. गिरणीवाला वरून ओरडत होता, “आरं थांबा, अजून दोन म्हणायचंय, तीन म्हणायचंय.” कोण ऐकतंय.

अण्णांनी एक खांदा उचलला होता. तो उचललेला तसाच ठेवून ते इकडंतिकडं बघत होते. मग ते उठून बसले. चिमूटभर माती उचलली, कपाळाला लावली, आणि गर्दीतून वाट काढत जाऊन गिरणीवाल्याच्या हातात हात दिला.

हरलेला गडी असंच करतो. आमच्याकडं ती रीतच आहे. पण ते आमच्या ठरलेल्या गोष्टीत नव्हतं.

घरी आल्यावर अण्णा न्हाणीपाशी दगडावर बसले. आईनं पाणी काढलं होतं. ती तांब्या घेऊन त्यांच्या मागं गेली आणि थांबली. पुढं एकदा तिनं मला सांगितलं, लग्न झाल्यापासून तिनं अण्णांच्या अंगाची माती किती वेळा धुतली असेल, गुडघ्यांची, छातीची, कोपरांची, कानातली. पाठीवर कधी नव्हती. त्या दिवशी पाठभर होती, खांद्यापासून खांद्यापर्यंत. ती तांब्या घेऊन तशीच उभी राहिली.

“टाक पाणी,” अण्णा म्हणाले.

“टाकते.”

“टाक की मग.”

तिनं पाणी टाकलं.

गावाला काही दिवस हसायला विषय मिळाला. पारावर कुणी म्हणायचं, “पहिलवान हारले, पर हारले न्हाईत.” दुसरा म्हणायचा, “म्हणजे लग्न झालं, पर नवरी माहेरीच.” अण्णांच्या तोंडावर कुणी फार बोललं नाही. गिरणीवाल्याला मात्र सोडलं नाही. दळणाला आलेल्या बाया म्हणायच्या, “जरा बारीक दळ बाबा. पहिलवान झालास म्हणून दाणे तसेच सोडू नको.” त्यानं केस कापून टाकले. रविवारी तो यायचा बंद झाला. अण्णा एकटे कार्यक्रम बघायचे. पण पूर्वी कुणी उताणा पडला की “खांदा उचल, खांदा उचल” म्हणून ओरडायचे, ते आता ओरडायचे नाहीत.

खरा प्रश्न पुढच्या उरुसाचा होता. नारळ कोण फोडणार, ह्याबद्दल उघड कुणी बोलत नव्हतं आणि आतून सगळेच बोलत होते. मी तेव्हा लहान होते, तरी मला कळत होतं की अण्णांकडून काय जाणार आहे. आई देवापुढं दिवा लावताना जरा जास्त वेळ उभी राहायची.

उरुसाच्या काही दिवस आधी मुजावर चाचा आमच्याकडं आले. चहा घेतला आणि सरळ म्हणाले, “पहिलवान, नाटक था वो. सबको मालूम हाय. नारळ तुमीच फोडायचा.”

अण्णा त्यांना दारापर्यंत सोडायला गेले.

त्याच संध्याकाळी गिरणीवालाही आला. बारीक केसांत तो मला अजूनही अनोळखीच वाटायचा. दारातच उभा राहिला. म्हणाला, “पहिलवान, तुमी येकदा चारचौघांत म्हणा, ते नाटक होतं म्हणून. तुमी म्हणलं की मिटलं. मला गिरणीत जीव नकोसा झालाय.”

“नाटक तर होतंच,” अण्णा म्हणाले.

“मग झालं तर.”

“तू उचललं ते नाटक. मी पडलो ते बी नाटक. बस आत.” गिरणीवाला बसला. मग अण्णा म्हणाले, “पर मी कपाळाला माती लावली का न्हाई?”

“लावली.”

“ते कुणी ठरवलं होतं?”

गिरणीवाल्यानं कुणी नाही म्हणून मान हलवली. अण्णा म्हणाले, “मला कुणी सांगितलं न्हाई लावायला. माझा हात गेला. म्हणजे मला कळलं होतं, पाठ लागली म्हणून. आता मीच न्हाई कसं म्हणू?”

आई चुलीपाशी होती. भाकरी थापायचा आवाज थांबला. मला वाटलं ती काहीतरी बोलेल, त्यांना अडवेल. पण थोड्या वेळानं भाकरीचा आवाज पुन्हा सुरू झाला.

उरुसाच्या दिवशी चाचांनी नारळ अण्णांना दिला. अण्णांनी तो कपाळाला लावला आणि मागं उभ्या असलेल्या गिरणीवाल्याच्या हातात ठेवला. मागचे लोक उभे राहून बघायला लागले.  गिरणीवाल्यानं नारळ आपटला, फुटला नाही. पुन्हा आपटला, तर निसटून हलगीवाल्या मामांच्या पायाशी गेला. मामा म्हणाले, “मला कामून मारून राहिला बाबा, मी काय केलं?” तेव्हा पहिल्यांदा अण्णा हसले, आणि मग सगळे हसले. कसाबसा नारळ फुटला. त्यानंतर गिरणीवाला घरी गेला नाही. त्यानं शर्ट काढला आणि म्हणाला, माझी बी येक जोड लावा. नारळ फोडला आणि कुस्तीच खेळली नाही, हे त्याला सोसत नसावं. एका शाळकरी दिसणाऱ्या पोरानं त्याला बघता बघता चितपट केलं. तो माती झाडत उठला तेव्हा इतका मोकळा दिसत होता, की जिंकलेल्या पोरालाच काही कळेना.

आता गावात कुस्ती खेळलेला आणि तरी पाठ न लागलेला कुणीच उरला नव्हता. पुढच्या वर्षी कमिटीत तोच प्रश्न आला, नारळ कुणी फोडायचा. कुणी म्हणालं, सरपंचानं. कुणी म्हणालं, चाचांनीच. अण्णा मागच्या रांगेत बसले होते. ते म्हणाले, “मागल्या उरुसात शेवटच्या कुस्तीत ज्याची पाठ लागली, त्याला बोलवा.”

तो गडी हिमायतनगरचा होता. त्याला फोन केला तर त्याला वाटलं चेष्टा चालली आहे, त्यानं फोन ठेवून दिला. शेवटी अण्णा आणि गिरणीवाला मोटरसायकलवर त्याच्या घरी गेले. तिथं काय बोलणं झालं, मला माहीत नाही. एवढं माहीत आहे की उरुसाला तो त्याच्या आईला घेऊन आला, नारळ फोडताना खाली बघत होता, आणि हलगी सुरू झाल्यावर त्याच्या आईनं डोळे पुसले. आमच्या गावात अजूनही असंच चालतं. नव्या पोरांना वाटतं, ही फार जुनी रीत आहे.

हे मी रूममेटला सगळं सांगितलं. एवढं सलग मी हॉस्टेलवर कधी बोलले नव्हते. ती मध्ये हसली, मग हसायची थांबली. तिनं तो व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. ह्या वेळी ती पडणाऱ्याकडं बघत होती.

मी अण्णांना फोन लावला आणि सांगितलं की हिरव्या चड्डीवाला सापडला, आणि तो कार्यक्रम माझ्या जन्माच्याही आधीचा होता.

“म्हणजे आपण बघून राहिलो होतो तवा ते मानूस घरी जाऊन बसलं होतं?”

“हो. कधीचंच.”

अण्णांनी आईलाही ते ओरडून सांगितलं. मग त्यांनी विचारलं, “आता कसं हाय ते? पाठ दुखती का त्याची? बघ बरं कुठं लिहिलंय का.”

मी शोधलं. कुठं त्याच्या पाठीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. एक फोटो होता, पार म्हातारा झालेला, अंगणात खुर्चीवर बसलेला, मांडीवर एक लहान मूल. मी अण्णांना तसं सांगितलं.

“खुर्चीवर बसतोय ना नीट?”

“बसलाय.”

“मग बरा हाय,” अण्णा म्हणाले, आणि मेसमध्ये काय भाजी होती ते विचारलं.

मागच्या सुट्टीत घरी गेले होते. अण्णा आता मारुतीच्या देवळामागच्या तालमीत सकाळी पोरांना शिकवतात. गिरणीवाला त्यांच्या हाताखाली असतो, माती खणून देतो. पूर्वी आमच्या तालमीत पहिल्या दिवशी डाव शिकवायचे. अण्णा पहिले कितीतरी दिवस नुसतं पडायला शिकवतात, आणि एकदा स्वतः पडून दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. आई अंगणात कपडे धूत होती. अण्णांच्या बनियनची मागची बाजू खांद्यापासून खांद्यापर्यंत मातीनं लाल झालेली होती. ती तिनं दगडावर उलटी पसरली, साबण लावला, आणि घासता घासता मला विचारत होती की लातूरला पाणी रोज येतं का.